दावा आणि दाह

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ध्यान ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते, द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांना हा पट्टा सोयीचा पडतो. शनिवार-रविवारची शिबिरे, फार्महाऊसवरची मौनसत्रे आणि गावातल्या समाजमंदिरात किंवा बुद्धविहारात भरणाऱ्या आठवड्याच्या बैठका इथे शेजारी शेजारी चालतात. अशा आठवड्याच्या बैठकांना मी बरीच वर्षे बसते आहे आणि त्या चालवायला हातभार लावते आहे. या काळात क्षमेचा विषय कोणी मुद्दाम न काढताही पुन्हा पुन्हा समोर आला. श्वासाकडे लक्ष द्यायला शिकायला आलेली माणसे थोड्याच दिवसांत सांगू लागतात की डोळे मिटले की एकच चेहरा दिसतो. तो भावाचा असतो, सासूचा असतो, जमिनीच्या एजंटाचा असतो, नाहीतर कारखान्यातल्या साहेबाचा. ‘मनातून जात नाही’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. इतक्या माणसांचे ऐकून माझे एक मत पक्के झाले आहे. ध्यानाने जी क्षमा साधते ती आपल्या आत पेटलेला दाह शांत करणारी असते, आणि आपला न्याय्य दावा सोडण्याशी तिचा काहीही संबंध नाही. दावा ठेवून दाह सोडता येतो. ही दोन कामे एक समजली गेली की क्षमा एकतर जमत नाही, किंवा दुसरा कोणीतरी तिचा फायदा उठवतो.

आमच्या भागात ही गल्लत का होते हे समजायला इथल्या रागाचे मूळ पाहावे लागते. ते बहुतेक वेळा जमिनीत असते. महामार्ग आला, पाठोपाठ फार्महाऊस आणि बंगल्यांच्या वसाहती आल्या, आणि ज्या वरकस माळावर पूर्वी गवतापलीकडे काही पिकत नव्हते त्याचे भाव चढले. मग सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, वारसनोंद कोणी केली, फेरफार कोणाला न विचारता झाला, बांध किती हात सरकला, हे प्रश्न घराघरांत उभे राहिले. बहिणींचा प्रश्न यात सर्वांत अवघड. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. तरी जमीन विकायची वेळ आली की बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि सही द्यायला ती कचरली की तिला सांगितले जाते, ‘जाऊ दे, मोठ्या मनाने घे.’ हे वाक्य कोणाला ऐकवले जाते ते पाहण्यासारखे आहे. सुनेला, धाकट्या भावाला, बहिणीला, वीटभट्टीवरच्या मजुराला. ज्याच्या हातात जमीन, पैसा किंवा वडीलकी आहे त्याला मोठे मन दाखवायचा आग्रह सहसा कोणी करत नाही. म्हणून बैठकीत क्षमेचा विषय निघताच काही बायकांचे चेहरे आक्रसतात. त्यांना वाटते, आता इथेही सहीच मागणार. त्यांची शंका रास्त आहे आणि ध्यान शिकवणाऱ्याने सर्वांत आधी तिचे उत्तर द्यायला हवे.

उत्तर द्यायचे तर राग मनात धरणे म्हणजे नेमके काय घडते ते पाहावे लागेल. तो नुसता विचार असता तर युक्तिवादाने गेला असता. अमेरिकेत शार्लट विटव्लिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांना आपल्याला दुखावणाऱ्या खऱ्या व्यक्तीची आठवण काढायला सांगितले; कधी ती आठवण मनात घोळवायची, कधी त्या व्यक्तीकडे क्षमेच्या भावनेने पाहायचे. राग घोळवताना हृदयाचे ठोके, रक्तदाब, त्वचेतला घाम आणि कपाळाच्या स्नायूंचा ताण हे सगळे वाढलेले आढळले. म्हणजे दुखावणारा समोर नसला, भांडण जुने असले, तरी शरीर ते आत्ताच घडत असल्यासारखे वागते. बैठकीत माणसे हेच आपल्या शब्दांत सांगतात: छातीवर दडपण येते, दात आवळले जातात, पोटात खड्डा पडतो. यावर ‘एकदा मनातले सगळे ओकून टाक, मोकळी होशील’ असा सल्ला सर्रास मिळतो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर तो तपासला. अपमान करणाऱ्याचा विचार करत गुद्दे मारण्याच्या पिशवीवर राग काढणारे सर्वांत जास्त चिडलेले निघाले. ज्यांनी काहीच न करता नुसते बसून घेतले त्यांची आक्रमकता सर्वांत कमी होती. राग बाहेर काढताना माणूस त्याचाच सराव करत असतो. एखाद्याशी मनातल्या मनात रोज भांडणाऱ्याचेही तेच होते. ध्यान त्या सरावात खंड पाडते. चेहरा दिसला, छाती आवळली, हे कळले. त्या आवळण्याकडे पाहत राहिले. ते वाढले, थोडे हलले, उतरले. भांडणाचा पुढचा संवाद मात्र रचला नाही. एवढेच काम असते, आणि ते शेकडो वेळा करावे लागते.

इथे बहुतेकांची वाट चुकते, कारण ते सर्वांत मोठ्या जखमेपासून सुरुवात करतात. ज्या भावाने घराबाहेर काढले त्यालाच पहिल्या आठवड्यात क्षमा करायला बसतात, राग दुपटीने उसळतो, आणि ‘हे आपल्याला जमायचे नाही’ म्हणून येणे थांबवतात. अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला, त्यात मैत्रीभावनेचा, म्हणजे सर्वांबद्दल सद्भाव जोपासण्याच्या ध्यानाचा, क्रम याच कारणासाठी काटेकोर सांगितला आहे. आधी स्वतःबद्दल, मग आदराच्या आणि प्रिय व्यक्तीबद्दल, मग ज्याच्याशी ना स्नेह ना वैर अशा माणसाबद्दल, आणि शेवटी वैऱ्याबद्दल. वैऱ्यापाशी राग उसळला तर मागे फिरायचे, आधीच्या पायरीवर पुन्हा स्थिर व्हायचे आणि परत यायचे. दुसऱ्याला मारायला निखारा उचलणारा आधी स्वतःचाच हात भाजून घेतो, ही आठवणही तिथे करून दिली आहे. या क्रमाचा व्यवहारातला अर्थ असा, की पहिले काही महिने रांगेत पुढे घुसलेल्या माणसावर, वेळेवर न आलेल्या रिक्षावर, उलट बोललेल्या मुलावर सराव करायचा. आपल्याकडे कीर्तनांतून एकनाथमहाराजांची गोष्ट सांगतात, अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्याला न रागावता पुन्हा पुन्हा नदीत स्नान करून येण्याची. ती गोष्ट मोठी आहे, पण ती मुक्कामाची गोष्ट आहे. तिथवर पोचायला केलेली साधना त्यात दिसत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला क्षमा हा संतांचा स्वभाव वाटतो, आपण करायचा अभ्यास वाटत नाही.

अभ्यास म्हणून तिची व्यवस्था लावण्याचे काम आपल्या परंपरांनी केलेले आहे, आणि त्याची एक खूण कर्जत तालुक्यातच आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या काळातली. चैत्य, विहार आणि कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक याचा उल्लेख करणारा एक लहानसा शिलालेख तिथे आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहायचे हा विनयाचा, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारसंहितेचा, नियम. घाटाखालचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला कळेल की अशा विहारात तीन महिने तीच ती माणसे एकमेकांसमोर असणे म्हणजे काय. त्या वर्षावासाच्या शेवटी पवारणेचा विधी असे. प्रत्येक भिक्षू संघासमोर विनंती करी की माझ्या वागण्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, मी सुधारेन. जैन परंपरेत प्रतिक्रमणाची हीच दिशा आहे: कायोत्सर्गात शरीर स्थिर ठेवून आपल्या हातून झालेल्या चुकांकडे पाहायचे, आणि संवत्सरीला लहानथोर सर्वांकडे क्षमा मागायची. या दोन्ही रीतींतून मला दोन गोष्टी शिकता आल्या. एक, क्षमेला ठरलेली वेळ आणि ठरलेले बसणे लागते. ती मनाच्या लहरीवर सोडलेली नाही. दुसरी, तिची सुरुवात मागण्यापासून होते. ज्याने आपण कोणाकोणाला दुखावले याची यादी प्रामाणिकपणे केली त्याला दुसऱ्याचा अपराध लहान वाटू लागतो असे नाही, पण अपराधी हा केवळ अपराधच नाही हे त्याला दिसू लागते. बुद्धघोषही सांगतात की वैऱ्याच्या वागण्यातला जो भाग चांगला असेल तेवढाच डोळ्यांसमोर आणा. वाटणीत खोटे वागलेला भाऊ वडिलांच्या आजारपणात रात्र-रात्र जागलेला असतो. दोन्ही खरे असते.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराची रचनाही याच समजेवर उभी आहे. सत्यनारायण गोयंका हे म्यानमारमध्ये वाढलेले व्यापारी. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकून १९६९ मध्ये ते भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांच्या कामाचे मुख्य केंद्र झाले. त्यांच्या शिबिरात आधी श्वास, मग सर्व शरीरावरच्या संवेदनांकडे तटस्थपणे पाहणे, आणि मैत्रीभावना शिकवली जाते ती दहाव्या दिवशी, मौन सुटण्याच्या वेळी. आधीचे दिवस प्रतिक्रिया न देता संवेदना पाहण्याचा सराव झालेला असतो म्हणून क्षमेचे शब्द नुसते शब्द राहत नाहीत. हीच पद्धत १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात आणि १९९३ मध्ये किरण बेदी यांच्या कारकिर्दीत तिहारमध्ये नेली गेली. एप्रिल १९९४ मध्ये तिथे हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले. तुरुंगाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथे बसलेल्या माणसाच्या मनातला राग उतरला तरी त्याचा खटला, त्याची शिक्षा, फिर्यादीचा हक्क यांतले काहीही बदलत नाही. कायदा आपल्या वाटेने चालतो आणि माणूस आपल्या आत काम करतो. गावातल्या माणसालाही हे असेच वेगळे ठेवता येते.

पहिला मोठा आक्षेप असा की हे सगळे दुबळ्यांना गप्प बसवण्याचे साधन आहे. रायगड जिल्ह्यात राहून या आक्षेपाला वरवरचे उत्तर देता येत नाही, कारण महाड याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी लोकांनी ओंजळीने घेतले, आणि त्यानंतर परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. चिडलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी प्रतिहल्ल्यापासून रोखले. पण त्यांनी तळ्यावरचा हक्क सोडला नाही. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा प्रत्यक्ष सत्याग्रह थांबवला, त्याच वेळी मनुस्मृतीचे दहन केले, आणि दावा लढत राहिले. तो मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. दहा वर्षे. याला क्षमा म्हणायचे की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि मी ते नाव त्यावर लादणार नाही. पण सूडाचा हात आवरणे आणि हक्काची मागणी एक तसूही न सोडणे या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच लढ्यात, दशकभर नांदू शकतात एवढे महाडने सिद्ध केले आहे. आवरलेल्या हाताने लढा दुबळा होतो हे म्हणणे मग टिकत नाही. उलट, ज्या तारखेला वकिलाने काय सांगितले ते ऐकायला हवे त्या तारखेला समोरच्या बाकावर बसलेल्या चुलतभावाला पाहून ज्याच्या डोक्यात रक्त चढते, तोच आपली बाजू नीट मांडू शकत नाही. कोर्टकज्जे वर्षानुवर्षे चालतात. इतकी वर्षे लढायला थंड डोके लागते.

दुसरा आक्षेप: समोरच्याला पश्चात्तापच नसेल तर क्षमा कशाची? हा प्रश्न दोन वेगळ्या गोष्टींना एकत्र बांधतो. समेटाला दोन माणसे लागतात, आणि त्यासाठी अपराध्याची कबुली व भरपाई मागणे पूर्ण योग्य आहे. आतला दाह शांत करायला मात्र एकच माणूस पुरतो, आणि त्याची किल्ली आपल्याला दुखावणाऱ्याच्या खिशात ठेवणे हा स्वतःवरचा दुसरा अन्याय आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी हा भेद अनेक वर्षे मांडला आहे: क्षमा म्हणजे कृत्याचे समर्थन नव्हे, विसरणे नव्हे, पुन्हा एकत्र नांदणेही नव्हे. सुझॅन फ्रीडमन यांच्यासह त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानपणी घरच्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या १२ स्त्रिया होत्या. एकेकीशी सरासरी १४ महिने काम केल्यावर त्यांची चिंता आणि खिन्नता कमी झाली, आशा वाढली. संख्या लहान आहे, पण त्यातला काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. अलीकडे, २०२४ मध्ये, कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन इथल्या ४,५९८ लोकांवर झालेल्या चाचणीत क्षमेच्या सरावाची एक छोटी वही सोडवल्यानेही दोन आठवड्यांत चिंता-खिन्नता घटलेली दिसली. हे प्रयोग ध्यानाचे नव्हेत आणि ते तसे म्हणून खपवू नयेत. पण क्षमा शिकता येते, ती सरावाने वाढते आणि ती समोरच्याच्या पश्चात्तापावर अवलंबून नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते. लहान दुखणे थोड्या सरावाने हलते; खोल जखमेला वर्ष-सव्वा वर्ष लागते. दोन दिवसांच्या शिबिरातून ‘सगळ्यांना माफ करून’ रविवारच्या लोकलने परतणाऱ्याला शांत वाटते ते खोटे नसते, पण तो भाऊ तिथे नसतो. गावात राहणाऱ्याला तो सोमवारी बांधावर, मंगळवारी एसटी स्टँडवर आणि गणपतीत मूळ घराच्या ओटीवर भेटतो. इथली क्षमा रोज तपासली जाते, म्हणून तिला रोजचे बसणे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. डोळे मिटून बसल्याने काहींची जखम भरण्याऐवजी उघडते. जॅरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि इतरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करणाऱ्यांना आलेल्या भीतीच्या, जुने आघात उफाळण्याच्या, भावना बधिर होण्याच्या अनुभवांची नोंद आहे. बैठकांमध्येही असे दिसते, आणि तेव्हा ‘बसत राहा, जाईल’ हे उत्तर धोक्याचे असते. अशा माणसाने डोळे उघडावेत, चालावे, हाताला काम द्यावे आणि जाणत्या डॉक्टरची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. १४४१६ ही सरकारी टेलिमानस सेवा मराठीतही बोलते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. काही मुले आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. एवढ्या मोठ्या आघातानंतर वाचलेल्यांसमोर जाऊन स्वीकार आणि क्षमा यांवर प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिथे आधी घर, शाळा, रोजगार आणि दुःख करायला मोकळीक हवी. क्षमेचा अभ्यास ज्याचा त्याने, आपल्या वेळेला, आपल्या इच्छेने सुरू करायचा असतो. घरात मारहाण चालू आहे तोवरही त्याची वेळ झालेली नसते. तिथे पहिले काम सुरक्षित जागी जाण्याचे.

मग हा अभ्यास पुढे सरकतो आहे हे ओळखायचे कसे? गोड वाटण्यावरून नाही. बधिरपणाही गोड वाटू शकतो. माझ्या पाहण्यात आलेल्या खुणा साध्या आहेत. त्या माणसाचे नाव निघाल्यावर शरीर आवळते, पण लवकर सुटते. भांडणाची गोष्ट सांगताना ती तिखटमीठ न लावता सांगता येते आणि त्यातला आपला वाटाही सांगता येतो. त्याच्या घरी दुःख झाले तर दहाव्याला जाता येते. बुद्धघोषांच्या यादीत राग शमवण्याचे सगळे उपाय संपल्यावर शेवटचा उपाय आहे दान: त्या माणसाला काही द्या, त्याच्याकडून काही घ्या. आपल्याकडे मुलीच्या लग्नाची पत्रिका नेऊन देणे, पहिल्या भाताचे पोहे पाठवणे, लावणीला माणूस कमी पडला तर जाऊन उभे राहणे हे तेच दान आहे. ते दिल्याने वाटणीचा दावा मिटत नाही, आणि मिटावा अशी अपेक्षाही ठेवू नये. कर्जत-खालापुरात ध्यानाच्या बैठका घेणाऱ्या सर्वांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. क्षमेवर बोलण्याआधी समोरच्यांना सांगा की कोणत्याही कागदावर सही करणे हा साधनेचा भाग नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, हेही त्याच बैठकीत सांगा. ज्या बहिणीला आपला हिस्सा मागायचा आहे तिने तो मागावा आणि ज्या दिवशी मागायला जाईल त्या दिवशी सकाळी तासभर बसून जावे. तिने भावाबद्दल मनात कडवटपणा न ठेवता आपला सातबारा मागितला, तर ती क्षमा पूर्ण आहे. तिच्याकडून आणखी काही मागण्याचा हक्क भावाला नाही, गावाला नाही आणि ध्यान शिकवणाऱ्यालाही नाही.